चाकांवरची खोली

पुणे शहरात मला व्यवहारात हरवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही, असं मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. फक्त त्या चौकात माझा एक शाळासोबती नसावा. कारण त्याने मला हरवलं आहे, आणि तेही स्वतःला व्यवहारातलं ओ की ठो कळत नसताना. हुशार माणसाने हरवलं तर आपण दोन दिवस चडफडतो आणि विसरतो. या गृहस्थाने मला मनापासून हवी असलेली एकमेव वस्तू मला विकली नाही आणि दुसऱ्याला फुकट देऊन टाकली. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी विसरलेलो नाही.

माझा धंदा सांगितल्याशिवाय हे दुःख कळणार नाही. जुन्या बाजारात हातगाडीवर मोडक्या खुर्च्या विकण्यापासून मी सुरुवात केली. पुढे शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्यांचं पेव फुटलं आणि माझं नशीब पालटलं. कंपनी निघाली की तिला टेबलं, खुर्च्या, पार्टिशनं मी पुरवायची, आणि ती बुडाली की तीच टेबलं मीच परत उचलून आणायची. येरवड्याला गोदाम घेतलं ते याच ये-जा करणाऱ्या खुर्च्यांवर. या धंद्यात एकच विद्या लागते. जी वस्तू हवी असेल तिला नावं ठेवायची. जितकी जास्त हवी तितकी जास्त नावं. सागवानी टेबल पाहून मन उड्या मारत असलं तरी तोंडाने ‘वाळवी लागलेली दिसते’ असंच म्हणायचं. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की बायको नवी साडी नेसून समोर आली तर मी आधी काठाचा दोरा सुटलाय का ते बघतो. तीही आता हुशार झाली आहे. ‘रंग जरा भडक वाटतो’ म्हटलं की ‘आवडली ना? मग हीच नेसते’ म्हणून मोकळी होते.

माझा हा मित्र नेमका उलटा. त्याला वस्तू आवडली की तो ती आवडल्याचं लगेच सांगून टाकायचा, तेही विकणाऱ्यालाच. एकदा मी त्याला मंडईत बरोबर नेण्याची चूक केली. मी वांग्यांच्या ढिगापुढे चेहरा पाडून उभा होतो, एक वांगं उचलून त्यात कीड शोधत होतो, बाई थोडी नरमत आली होती, एवढ्यात हा मागून म्हणाला, “काय तुकतुकीत वांगी आहेत हो! चिरायला हात होणार नाही.” बाईने माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर असा ओरडलो की दोन रिक्षावाले रिक्षा थांबवून ऐकत राहिले. “अरे, भाव ठरायच्या आधी कुणी कौतुक करतं का?”

“मग कधी करायचं? भाजी खाल्ल्यावर? तेव्हा त्या बाई कुठे सापडणार?”

त्याच्याशी भांडण म्हणजे उशीला ठोसे मारण्यासारखं होतं. हात दुखत नाही, पण काही तुटल्याचं समाधानही मिळत नाही.

त्याची दुसरी तऱ्हा त्याहून अवघड होती. त्याला दुसऱ्याच्या घरी झोप येत नसे. जागा बदलली की डोळा लागत नाही अशी माणसं पुष्कळ असतात, पण हा त्यांचा राजा. त्याचं लग्न नाशिकला झालं, तर सासरच्यांच्या आग्रहाला हात जोडून याने संध्याकाळच्या एसटीने नवरीसह सगळं वऱ्हाड खडकीला परत आणलं. माझ्या मुलीच्या बाहेरगावच्या लग्नात पाहुण्यांसाठी मी चांगल्या लॉजवर खोल्या घेतल्या होत्या. हा पहाटे लॉजच्या पायरीवर पेपरवाल्याची वाट बघत बसलेला सापडला. विचारलं तर म्हणाला, “खोली फार सुरेख आहे रे. पण मला दुसऱ्याचं छत कळत नाही.” छतात कळण्यासारखं काय असतं, हे मी अनेकदा विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

एका मोटारीच्या कारखान्यात तो पत्रेकामाच्या विभागात होता. परदेशी भागीदार आले, नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले गेले. त्यात किती स्वेच्छा होती ते सगळ्यांना माहीत आहे. लोकांनी त्या पैशात फ्लॅट घेतले, पोरींची लग्नं उरकली, शेअर बाजारात हात पोळून घेतले. याने जीपच्या मागे जोडायची एक खोली बांधायला घेतली. चार माणसं झोपतील, दोन माणसं भांडतील आणि एक माणूस स्वयंपाक करील एवढी. “मला घर सोडून जाता येत नाही,” तो म्हणाला, “म्हणून घरच घेऊन जाणार.” लोक तिला ट्रेलर म्हणत, आमचा बँकेतून निवृत्त झालेला मित्र तिला ‘वरात’ म्हणे, पण तो स्वतः साधं ‘खोली’ म्हणायचा. शनिवारी फोन यायचा, “शेठ, खोली काढू या का?”

आतल्या भिंती माझ्या गोदामातल्या. एका बुडालेल्या कंपनीची निळी पार्टिशनं होती. त्यांवर टाचण्यांची भोकं आणि एका दारावर ‘कॉन्फरन्स रूम’ अशी पितळी पट्टी तशीच होती. ती घ्यायला आला तेव्हा आत शिरल्या शिरल्या म्हणाला, “असला सुंदर माल टाकून देतात लोक?” आता विकणारा मी होतो, माल माझा होता, आणि गिऱ्हाईकच त्याची तारीफ करत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझी पंचाईत झाली. घासाघीस करायला समोर कुणी तरी लागतं की नाही? शेवटी वैतागून मीच माझ्या मालाला नावं ठेवली आणि जवळजवळ फुकट देऊन त्याला घालवला. पट्टी त्याने काढली नाही. ते दार स्वयंपाकाच्या ओट्यामागे भिंत म्हणून बसलं आणि ओट्यावर ती कायम चकाकत राहिली.

त्या खोलीचे कायदे होते. चालू असताना आत कुणी बसायचं नाही. सगळ्यांनी पुढे जीपमध्ये. आत शिरताना चपला बाहेर. आणि मुक्कामाला थांबल्यावर पातळी लागल्याशिवाय चहा नाही. पातळी म्हणजे काय, तर हा गवंड्याची पाणसळ काढायचा, ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी, आणि खोलीच्या जमिनीवर आडवी ठेवायचा. मग बाहेर येऊन चाकाखाली विटा सारायचा, पुन्हा आत जायचा, पुन्हा बाहेर. बुडबुडा बरोब्बर मधोमध येईपर्यंत हा खेळ चालायचा. बँकवाला घड्याळाकडे बघत म्हणायचा, “अरे, आपण चहा पिणार आहोत, इमारत उभी करणार नाही.” मी तर शिव्याच द्यायचो. तो शांतपणे म्हणायचा, “जमीन परक्याची असते रे. निदान पातळी तरी आपली हवी.” आणि मग तो आडवा व्हायचा आणि छताकडे एकदा बघून लहान मुलासारखा झोपी जायचा.

कात्रजचा घाट उतरून साताऱ्याच्या बाजूला पुढे एका वळणावर एक चहाची टपरी होती. नवराबायको चालवायचे, बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. आमचा पहिला थांबा तिथेच, कारण याने पहिल्याच दिवशी चहाचं एवढं कौतुक केलं होतं की मावशींनी त्याचा चहा वेगळा उकळायला सुरुवात केली. मी म्हणायचो, “मावशी, आज आलं कमी पडलंय.” त्या म्हणायच्या, “तुमचं रोजचंच हाय, शेठ. ह्या दादांकडं बघा जरा.”

मग त्याचा मुलगा अमेरिकेत गेला, तिथे स्थिरावला, त्याने घर घेतलं, आणि सून बाळंत व्हायची होती म्हणून वहिनी आधी गेल्या. मागोमाग यालाही बोलावणं आलं, कायमचंच. ज्याला नाशिकला झोप येत नाही तो तिथे काय करणार, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “खोली काढू या का? शेवटची.” बँकवाला, मी आणि तो असे आम्ही निघालो.

माझ्या मनात काय होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ती खोली हवी होती. गोदामात मी हजारो खुर्च्या आणल्या आणि काढल्या, पण माझ्यासाठी ठेवून घ्यावी अशी ही एकच वस्तू मला आयुष्यात वाटली. तो गेला तरी ती राहावी एवढंच मला हवं होतं.

टपरीच्या वळणावर पोचलो तर टपरी नव्हती. रस्ता रुंद होत होता. तिथे नुसता मुरमाचा ढीग. थोडं मागे, निंबाखाली ताडपत्री बांधून मावशी चूल फुंकत होत्या. नवरा खाटेवर खोकत बसला होता. “ऱ्हायला बी हितंच,” त्या म्हणाल्या. “बसा. चहा व्हतोय.” मित्राने चहा प्यायला आणि नेहमीसारखं कौतुक केलं, पण आवाज खाली होता. खोली तिथेच उभी करायची ठरली. विटा लावल्या, बुडबुडा मध्ये आणला.

संध्याकाळच्या उजेडात मी विषय काढला. आणि विषय काढल्याबरोबर माझं तोंड आपोआप धंद्याला लागलं. “दार करकरतं तुझं,” मी म्हणालो. “पत्र्याला कोपऱ्यात गंज धरलाय. पार्टिशनं तर माझीच भंगारातली. चाकं दोन वर्षंही टिकायची नाहीत. खिडकी नीट लागत नाही. असली वस्तू घेणार कोण? आता मी आहे म्हणून...” तो प्रत्येक दोषाला मान हलवत होता. “बरोबर आहे,” म्हणत होता. बँकवाला मला डोळ्यांनी खुणावत होता, पण गाडी सुटली की मला थांबता येत नाही. शेवटी मी म्हणालो, “बोल, काय करायचं?”

“सकाळी बघू,” तो म्हणाला.

सकाळी मी दात घासून आलो तर त्याने जीपचा हूक सोडवला होता आणि कुलपाची किल्ली मावशींच्या हातात होती. त्या रडत होत्या. तो त्यांच्या नवऱ्याला पाणसळ कशी वापरायची ते दाखवत होता.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावरचे मजूर फावडी टेकून बघत होते. तीस वर्षं माझी घासाघीस डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला माझं नावं ठेवणं कळू नये? परतीच्या वाटेवर मागे ओझं नसल्यामुळे जीप विचित्र हलकी पळत होती. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “तुझ्याकडे ती वस्तू झाली असती, शेठ. तू तिला गोदामात झाकून ठेवली असतीस. मावशींकडे ती खोलीच राहील.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. विमानतळावरही मी गेलो नाही; बँकवाला गेला. मला काम होतं असं मी सांगितलं.

माझं अजूनही म्हणणं आहे की हा व्यवहार चुकीचा झाला. फक्त त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी थांबतो. आणि खरं म्हणजे त्या रस्त्याने जायची वेळ मी अधूनमधून आणतो. खोली निंबाखाली उभी आहे. खिडकीतून चहा मिळतो, ओट्यावर पितळी पट्टी चमकते, आणि ट्रकवाले ‘कॉन्फरन्स रूम’मध्ये बसून भजी खातात. रात्री मावशी आणि त्यांचा नवरा आत झोपतात.

परवा मी तिथे बसलो असताना त्याचा फोन आला. कुठे आहेस विचारलं, मी सांगितलं.

“कशी आहे रे?”

“दार अजून करकरतं,” मी म्हणालो. “रंग उडालाय. गंज खिडकीपर्यंत आलाय. काही राम राहिला नाही.”

“म्हणजे चांगली आहे,” तो म्हणाला. “आणखी सांग.”

मी आणखी सांगितलं. मग विचारलं, “झोप येते का तिकडे?”

“घर फार सुंदर आहे. जमीन अशी सपाट, की नवी पाणसळ आणून ठेवली तर बुडबुडा मध्येच. मला करायला काही नाही रे.” मग घाईने म्हणाला, “तिची पातळी बघ ना जरा.”

मावशींनी पाणसळ काढून दिली. बुडबुडा डावीकडे सरकला होता. मी तसं सांगितल्यावर त्याच्या आवाजात एकदम जीव आला. कुठलं चाक, किती बोटं, वीट आडवी की उभी, सगळं तो विचारू लागला. या वयात मी एक हात कानाला लावून, दुसऱ्या हाताने चाकाखाली वीट सारत, चिखलात गुडघे टेकले. मावशी म्हणाल्या, “शेठ, कापडं बघा.” आत येऊन पाणसळ ठेवली. बुडबुडा हलला, थरथरला आणि बरोब्बर मधोमध येऊन थांबला.

“आला का मध्ये?”

त्याच्यामागे कुठे तरी एक लहान मूल इंग्रजीत काही तरी म्हणत होतं. आला म्हटलं असतं तर फोन संपला असता.

“नाही,” मी म्हणालो. “अजून बराच फरक आहे. सांग, आता कुठली वीट?”