डावा कान

नऊ वर्षं मी हे सांगायचं टाळलं. कोणी विचारलं तर म्हणायचो, पोरगी तापट होती, नांदली नाही. ते खोटं आहे. माझं वय आता चौऱ्याहत्तर. मी मेल्यावरही नातेवाईक तेच खोटं उगाळतील, म्हणून लिहितो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. आमच्या अमरावतीच्या घरी या दोघी देवी, बहिणी-बहिणी, दरवर्षी माहेरपणाला येतात, तीन दिवस राहतात. मधल्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या आणि घरभर पंगती. त्या वर्षी मखरासमोरच्या पाटावर माझा जावई बसला होता आणि मी परातीत त्याचे पाय धूत होतो. अकोल्याचा, कापसाच्या जिनिंगचा मालक. पाय माझ्या हातात, डोळे मोबाइलमध्ये. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मामाजी, तुमच्या पोरीले कवाचा हाका मारून राह्यलो. बहिरी झाली काय?"

पंगत हसली. मीही हसलो.

माझी पोरगी वैशाली खरंच एका कानानं बहिरी झाली होती. महिन्यापूर्वी त्यानंच तिच्या डाव्या कानशिलात मारलं होतं. पडदा फाटला. कानाला ओढणी दाबून ती एकटी एसटीनं आली. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो, "न्हाणीत घसरून पडली." कागदावर तेच लिहिलं गेलं.

ती परत जाणार नव्हती. "बाबा, आता नाही. मारून टाकंल तो मले." मी बरं म्हटलं आणि तिच्या नकळत अकोल्याला जावयाला फोन केला. जेवायला या, घेऊन जा. सणाच्या पंगतीत पोरगी नवऱ्याशिवाय दिसली तर लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. मुखवट्याच्या लेकींना मी हळदीकुंकवाच्या पावलांनी घरात आणलं होतं. पोटच्या लेकीला कधी एकदा घालवतो असं झालं होतं.

"वाढ त्याले," पाय धुऊन झाल्यावर मी तिला म्हणालो.

ती ताट घेऊन आली. त्याच्यापुढे थांबली. वळली आणि ताट मखरापुढे ठेवलं.

"मी वाढणार नाही. अन् जाणार बी नाही."

तो उठला. केस धरून त्यानं तिचं तोंड भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. पंगतीतून कोणी हललं नाही. मी धावलो. धावलो आणि माझ्या पोरीचे दोन्ही हात मागून धरले.

"सणाच्या दिवशी तमाशा नको! पाया पड त्याच्या!"

मी धरलं होतं म्हणून तिला तोंड झाकता आलं नाही. त्यानं तीनदा मारलं. तिन्ही वेळा तिचं डोकं माझ्या छातीवर आदळलं.

मग तिनं वाकून माझ्या मनगटाचा चावा घेतला. मांस निघेपर्यंत. माझे हात सुटले. तिनं त्याचाच पाट उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो परातीत कोसळला, मी धुतलेल्या पायांच्या पाण्यात.

ती रक्त थुंकली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तो मारते, ते समजते मले. तुमी धरलं काहून?"

अनवाणी निघून गेली.

लग्नासाठी सोडायला लावलेली नर्सची नोकरी तिनं पुन्हा धरली. तीही अकोल्यातच. "गाव काय त्याच्या बापाचं हाय?" सणाच्या दिवशी ती ड्युटी मागून घेते. एकदा म्हणाली, "खोलीवर राह्यलो का शेजारून पुरणाचा वास येते. वार्डात बरं असते."

दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जातो. दवाखान्याच्या बाकड्यावर दहा मिनिटं. मागच्या दिवाळीला तिचे डोळे तारवटले होते. "सणासुदीले लय बाया येतात, बाबा. डोकं फुटलेल्या. सोबतचे म्हणतात, पडली."

"मंग तू काय लिहितं?"

"पयले सोबतच्याले बाहेर काढतो. मंग तिले विचारतो."

तेव्हा मी माफी मागितली. पुटपुटत. ती डब्याचं झाकण लावत राहिली. "निघा बाबा, गाडी सुटंल." तिला ऐकू गेलं नव्हतं. मी तिच्या डावीकडे बसलो होतो. बाकडं रिकामं होतं, उजवीकडेही जागा होती. मी डावीकडे बसलो.

यंदा महालक्ष्म्यांच्या पंगतीत कोणी पहिला घास उचलायच्या आत मी उभा राहणार आहे. मनगट दाखवणार आहे. ती का गेली, कोणी मारलं, कोणी धरलं, आणि कोण कोण पोळी हातात घेऊन बघत बसलं, नावं घेऊन सांगणार आहे. ज्याला ताट सोडून जायचं त्यानं जावं. माझी इज्जत गेली तर जाऊ दे. त्या इज्जतीसाठीच मी पोरीला धरलं होतं.

मग अकोल्याची गाडी. बाकड्यावर उजवीकडे बसायचं. नऊ वर्षं टाळलेलं एवढंच बोलायचं:

"वैशू, तू पडली नव्हती. मी धरलं होतं तुले."