कोळसा बंद की कमी?

लातूरच्या एका छोट्या दैनिकात मी परदेशच्या बातम्या मराठीत आणायचं काम करत होते. त्या आठवड्यात जागतिक हवामान परिषद चालू होती आणि सगळ्या देशांचं घोडं कोळशापाशी अडलं होतं. हाती आलेल्या मसुद्यात कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करायचं कलम होतं. मी तसंच लिहिलं. अगदी शेवटी आपल्या देशाने आग्रह धरला आणि ‘बंद’च्या जागी ‘कमी’ आलं. ती सुधारित बातमी माझ्या नजरेतून सुटली.

सकाळी एका वाचकाचा फोन आला.

“ताई, तुम्ही कोळसा बंद लिवलंय. टीव्हीवाले कमी म्हणायलेत. खरं काय?”

मी चूक कबूल केली.

“चूक होतीच माणसाकडनं. पण ह्या दोन शब्दांत फरक काय, ते ठाऊक हाय का तुम्हाला?”

मला नव्हतं ठाऊक. एवढे देश एका शब्दावर का अडून बसले, हे विचारावं असं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं. हे गृहस्थ कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले, त्यांनीच सांगितलं. दुपारीच मी त्यांच्या औसा रोडवरच्या घरी गेले.

कपाळाला विभूती, हातात ओलं फडकं. ते मला थेट गच्चीवर घेऊन गेले. तिथं चार सोलर पॅनेल होती, त्यांच्यावर जवळच्या डाळ मिलचा पिवळट भुसा बसलेला. आयुष्यभर कोळसा जाळलेल्या माणसाच्या घरी हे मी अपेक्षिलं नव्हतं. तसं म्हटल्यावर ते हसले.

“सूर्याशी माझं काय वैर हाय? आता फरक ऐका. वीज करणारा संच बंद करणं म्हंजी पार थंड करणं. परत पेटवायला तेल लागतं, तासन्‌तास जातात. कमी करणं म्हंजी आग ठिवायची, लोड खाली घ्यायचा, वीज थोडी काढायची. दोन्हीला माणसं येगळी, तयारी येगळी.”

“तुमचा संच कधी बंद झाला होता?”

“झाला की. कोळशाचे ढीग होते, पाणीच नव्हतं. दुष्काळात. वाफ कशाची करणार?”

हे मी कुठल्याच परदेशी बातमीत वाचलं नव्हतं. मी वही काढली.

त्यांच्या पत्नी चहा घेऊन वर आल्या. “पहिलं केंद्राच्या वसाहतीत मी दोरीवरच्या कपड्यांची राख झटकायची,” त्या म्हणाल्या, “आता हे रोज त्या काचा पुसतात. एक संपलं की दुसरं.” बोलता बोलता त्यांनी नवऱ्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेला कोपरा पुसून टाकला.

पॅनेलची वीज दिवसा तारेतून बाहेर जाते आणि अंधार पडला की तारेतूनच घरात येते, असं त्या गृहस्थांनी समजावलं. “अंधारात जी येती, ती माझ्या जुन्या संचाचीच असंल,” म्हणाले. मग एकदम विचारलं, “ताई, कमी म्हंजी किती?”

मी प्रश्न वहीत लिहून घेतला. कार्यालयात आल्यावर मी मंजूर झालेला मसुदा उघडला, कोळशाचं कलम दोनदा वाचलं. आकडाच नव्हता. फोन करून त्यांना सांगितलं.

“न्हाई? एवढं भांडून?” त्यांना मनापासून नवल वाटलं. “मग तेबी छापा.”

मी दोन वाक्यांची दुरुस्ती लिहिली: कोळसा ‘बंद’ नव्हे, ‘कमी’; आणि किती कमी, याचा आकडा मसुद्यात नाही. एका शब्दासाठी इतकी जागा कशाला, असं संपादक म्हणाले. त्यांनी पहिलं वाक्य ठेवलं, दुसरं काढलं. मी ते परत घातलं आणि गच्चीवरचं सगळं त्यांना सांगितलं.  शेवटी ते म्हणाले, “पाणी संपलं म्हणून संच थांबला होता? यावर लिही की.”

दुरुस्ती आतल्या पानावर दोन्ही वाक्यांसह आली. रविवारी पाण्यावरचा लेख आला. त्यासाठी मी पुन्हा दोनदा औसा रोडला गेले. लेख वाचून त्यांनी फोन केला आणि बॉयलरबद्दलच्या माझ्या दोन नव्या चुका सांगितल्या.