नाकवाल्या चाचांची सही

आखातातल्या आमच्या हॉस्पिटलातला एसी बंद पडला की आधी घाम यायचा आणि मग चाचा यायचे. काम झालं की खिशातून शिसपेन्सिल काढून ते यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चित्र काढायचे. एक भिंत, तिच्याआडून डोकावणारं टक्कल, भिंतीवरून खाली लोंबणारं भलंमोठं नाक आणि काठ धरलेली बोटं. खाली तारीख. मग झाकण लावून टाकायचे. सगळे त्यांना नाकवाले चाचा म्हणत. त्यांचं स्वतःचं नाकही काही कमी नव्हतं, त्यामुळे ते स्वतःचंच चित्र काढतात असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

मी तिथे लॅब टेक्निशियन, साताऱ्याकडची. चाचा रत्नागिरीच्या खाडीकाठचे. एकदा मी म्हटलं, "चाचा, झाकणाच्या आत कोण बघणार?" तर म्हणाले, "पुढचा मेकॅनिक बघेल. आधी कोण येऊन गेला ता त्याला कळायला नको?"

हे चित्र त्यांना आखाती लढाईनंतर सापडलं होतं. दस्मान राजवाड्याजवळच्या एका जळक्या इमारतीत ते वायरिंग दुरुस्त करायला गेले होते. तिथल्या काजळलेल्या भिंतीवर कुणा परदेशी सैनिकाने ते खडूने काढलेलं. "सगळा जळलेला. माणूस नाय, काय नाय. आणि हा आपला बघतोय," चाचा सांगायचे. "मला एकदम बरा वाटला गो." तेव्हापासून त्यांनी ते उचललं.

मी त्याचा फोटो माझ्या मुलीला दाखवला. इथेच सालमियाच्या फ्लॅटमध्ये वाढलेली ती, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. "आई, दॅट्स किलरॉय! एव्हरीबडी नोज!" मग आईची कीव येऊन तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक जातील तिथे हे नाक काढायचे आणि खाली लिहायचे, 'किलरॉय इथे होता'. हा किलरॉय कोण, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. आता तो टी-शर्टवर, कार्टूनमध्ये, व्हिडिओ गेमच्या भिंतींवर कुठेही भेटतो.

चाचांनी हे सगळं मन लावून ऐकलं. "म्हणजे जगभर फिरला," ते म्हणाले. "मग घरी कधी गेला?"

याचं उत्तर मुलीलाही गुगलवर सापडलं नाही. गावाकडे चाचांचं पक्कं घर होतं, पण तिथे ते राहिले फक्त सुट्टीपुरते. चाची गेल्या तेव्हाही ते इथेच होते. "घरात काढलंत का हे नाक?" मी विचारलं होतं. "घरात कशाला? घर आपला हाय. जिथून जायचा असतो तिथेच काढायचा."

मग त्यांची साठी उलटली. डिग्री नसलेल्याला साठीनंतर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवायचा तर ठेकेदार कंपनीची शिफारस हवी. चाचांना आणखी एक वर्ष हवं होतं. "तिकडे जाऊन मी करू काय? माझ्या ओळखीची माणसा सगळी इथे," असं ते म्हणाले तेव्हा पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले. ठेकेदार तीनदा बदललेले, जुन्या नोकरीचा एकही कागद नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की तारखा तर झाकणांच्या आत आहेत! मी चाचांना घेऊन मजल्यामजल्यावर फिरले, फोटो काढले, छापून अर्जाला जोडले. स्वतःवर फार खूश होते मी.

ठेकेदार कंपनीच्या साहेबांनी फोटो एकेक करून पाहिले. "अच्छा, तो ये गंदगी इसने की है?" मी खूप बोलले. हिंदीत, इंग्रजीत, शेवटी नुसती हात जोडून उभी राहिले. शिफारस मिळाली नाही. उलट जाण्याआधी सगळी यंत्रं साफ करून द्यायची, असा हुकूम निघाला. शेवटचे पंधरा दिवस चाचा ओलं फडकं घेऊन फिरत होते. झाकण उघडायचं, नाक पुसायचं, झाकण लावायचं. आमच्या लॅबमधलं पुसताना मी पाठ फिरवून उभी राहिले.

"पेन्सिल हाय. पटकन जाते," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी मी बनेद अल-गारला त्यांच्या खोलीवर गेले. माफी मागायची होती. चाचांनीच बॅगेचा पट्टा आवळत म्हटलं, "रडतेस काय गो? इतकी वर्षा ती आतच होती. तू दाखवलीस म्हणून कोणीतरी बघितली तरी." त्यांनी मला रागावायला हवं होतं. ते सोसलं असतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. 'अब्बांनी नव्या रंगाच्या पडवीत हे काय काढलंय बघा. पुसू देत नाहीत. तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा ना.'

भिंत, टक्कल, नाक, बोटं. खाली तारीख. आपल्याच घरात.

सुनेला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.