धुतलेली भिंत

आमच्या उपेंद्रला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. मूळचा नागपूरचा, पेशाने सॉफ्टवेअरवाला. कोविडमुळे ऑफिस घरी आलं, तेव्हा डब्लिनचं महागडं भाडं सोडून बायको रेवती आणि मुलगी साक्षीसह पोर्टलीशजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिला. थोड्याच दिवसांत गावच्या समितीतही शिरला. कुंड्या रंगव, बाकं घास, कचरा वेच. फोनवर मला सांगायचा, "आता आपण इथलेच रे!" मला हसू यायचं, जरासा हेवाही वाटायचा.

त्या गावात जुन्या डेअरीची एक भिंत आहे. १९२१ मध्ये, आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, ब्रिटिश सैनिकांनी डेअरी पेटवली आणि आतला एक तरुण कामगार गेला. पुढे गावाने शेजारी नवी डेअरी बांधली, पण ही भिंत मुद्दाम तशीच ठेवली, गोळ्यांच्या खळग्यांसकट आणि काजळीसकट. गेल्या उन्हाळ्यात त्याला शंभर वर्षं झाली. गावाने कार्यक्रम ठरवला.

नागपुरात पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी चौकातला पुतळा धुऊन लख्ख करायचं काम उपेंद्रच्या बाबांकडे असे, आणि पाठोपाठ बादली घेऊन हा. काळ्याकुट्ट भिंतीला फुलं वाहायची, हे त्याला सोसवेना. कार्यक्रमाआधीच्या शनिवारी सकाळी, कुणालाही न विचारता, हा शहाणा प्रेशर वॉशर घेऊन गेला. दुपारपर्यंत दगड उजळले. मोठ्या हौसेने त्याने गावच्या ग्रुपवर फोटो टाकला.

समितीची माणसं धावत आली. मागून नोरा आली. वय ऐंशीच्या पुढे. मेलेला कामगार तिचा काका. गावातली मुलं दहा वर्षांची झाली की या भिंतीला हात लावतात आणि बोटाची काजळी घरी नेऊन दाखवतात, हे तिने त्याला तेव्हा सांगितलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं, पण यानेही विचारलं नव्हतं. "असू दे, ग्रँड आहे," ती म्हणाली; तिकडे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. "तुझ्या मनात वाईट नव्हतं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उपेंद्र घरी येऊन जेवला नाही.

"अरे, आधी विचारायचं तरी!" रेवती म्हणाली.

"लाज वाटते गं. यांनी एवढी वर्षं सांभाळलं आणि मी एका सकाळीत धुऊन टाकलं."

कुणीतरी काळा रंग मारायची टूम काढली. नोराने ती उडवून लावली. खोटी काजळी तिला नको होती.

कार्यक्रमाला जायची उपेंद्रची हिंमत नव्हती, पण साक्षी नुकतीच दहा वर्षांची झाली होती. जावंच लागलं. सगळे मास्क लावून, अंतर राखून उभे. मुलांनी एकेक करून भिंतीला हात लावला. साक्षीने आपलं बोट पाहिलं. स्वच्छ.

पोर्टलीशहून आलेल्या वार्ताहर बाईंनी सहज विचारलं, "भिंत इतकी स्वच्छ कशी?"

सगळं गाव खाली बघू लागलं. उपेंद्रला वाचवायलाच ते खाली बघत होते, आणि त्याला ते कळत होतं. तरी तोही खाली बघू लागला.

"आय वॉश्ड इट," साक्षी म्हणाली. "मी अँड माय डॅड."

त्या शनिवारी ती दुपारपर्यंत अंथरुणातच लोळत होती. उपेंद्र पुढे झाला, तिचा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ती नव्हती. मी एकट्यानेच धुतली."