शेवटचा मजला

माझा मामा लिफ्टमन. आयुष्यभर लोकांना वर सोडायचं आणि आपण मुकाट खाली यायचं, हेच त्याचं काम. निवृत्त झाल्यावर मामीने त्याला डोंगरावरच्या एका आडबाजूच्या किल्ल्यावर नेलं, सोबत आम्ही भाचरं. पायवाट अशी खडी की मामा घामाघूम झाला, पण स्वारी भलतीच खुशीत! किल्ल्याच्या पडक्या दरवाजाशी पोचताच तो सवयीने बाजूला सरकला, दार धरल्यासारखा हात आडवा धरला आणि ओरडला, “शेवटचा मजला!”

आम्ही खिदळत आत शिरलो. वळून बघतो तर मामा खाली निघालेला!

मामी कडाडली, “अहो, आज तुम्हालाही इथेच उतरायचंय!”

मामा थबकला. मग धावत आत आला आणि वासरासारखा जो उधळला, तो संध्याकाळपर्यंत काही हाती लागला नाही.