काचेचं पुढचं टोक

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, काचा वाहतात. मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते. पुढच्याने चाल ठरवायची, मागच्याने पावलाला पाऊल मिळवायचं. सव्वीस वर्षं पुढचं टोक दाजींचं आणि मागचं माझं. त्यांची चाल इतकी सरळ की गवंडी त्यांना ‘ओळंबा’ म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बिघडला. ते घरी सगळ्यांना फसवत होते, पण मागून मला सगळं दिसत होतं. उजवं पाऊल टेकलं न टेकलं की उचलायचं, डाव्यावर रेंगाळायचं. अंग उजवीकडे झुकायचं आणि काचेची वरची कड डुलायची. माझा जीव टांगणीला! पण मी मूग गिळून बसलो. बापाच्या जागी असलेल्या माणसाला तोंड वर करून सांगणार कोण? शेवटी एका जिन्यात काचेचा कोपरा चौकटीला आपटला आणि टवका उडाला.

डॉक्टर म्हणाले, सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजलीय. कारखान्याचा मालक म्हणाला, ‘‘आता टेबलापाशी बसून काच कापा.’’ दाजींचं तोंड एवढंसं झालं. फार विनवण्या केल्यावर मालकाने एक संधी दिली. तीन महिन्यांनी बेकरीची दर्शनी काच बसवायची होती. ती धड नेली तर पुढचं टोक दाजींचं, नाहीतर टेबल.

ताईने काठी आणली. दाजींनी ती उजव्या हातात धरली. आमच्या कारखान्यात तडा गेलेल्या काचेला टेकू तड्याच्याच बाजूने देतात, तोच न्याय यांनी गुडघ्याला लावला! चाल आणखी वेडीवाकडी झाली.

‘‘अहो, काठी तुम्हाला चालवतेय की तुम्ही काठीला?’’ ताई म्हणाली.

डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी बघताक्षणी काठी काढून डाव्या हातात दिली. दाजींच्या अंगाचा तिळपापड. ‘‘टेकू कुठे द्यायचा ते मला शिकवता?’’

‘‘काका, गुडघा काचेचा नाहीये. डावा हात काठीवर भार घेईल, उजव्या गुडघ्यावरचा तेवढा कमी होईल. चालून तर बघा.’’

दाजी खोलीभर चालले. अंग झुकत नव्हतं.

मग त्यांना एका पायावर उभं केलं. उजव्यावर दोन सेकंदसुद्धा टिकले नाहीत. बाई म्हणाल्या, मांडीचे स्नायू ढिले पडलेत, म्हणून तोल जातो. झालं! दाजी हट्टाला पेटले. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. पाय सरळ ठेवून उचलणं. स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचेपुढे टाच. ताई पोळ्या लाटायची आणि हे तिच्या मागे येरझारा घालायचे. दुखलं की माझ्यावर डाफरायचे, मीही उलट डाफरायचो. झिजलेलं काही भरून येत नाही, दुखणं थोडं राहिलंच. पण दोन महिन्यांनी काठी कोपऱ्यात गेली. मग आम्ही रिकाम्या लाकडी चौकटीवर सराव केला. पावलं आखूड, पायांत अंतर जरा जास्त, आणि दाजी मोठ्याने मोजणार.

बेकरीची काच माणसापेक्षा उंच होती आणि दारापर्यंत तीन पायऱ्या होत्या. मालक रस्त्यापलीकडे हाताची घडी घालून उभा. ‘‘एक… दोन…’’ वरची कड हललीसुद्धा नाही! दाजी तिसरी पायरी चढून वर पोचले. मी दुसरीवर. तिथे पीठ सांडलं होतं. माझा पाय सर्रकन सरकला, गुडघा पायरीवर आदळला आणि काच उजवीकडे कलली. सगळा भार दाजींच्या त्या पायावर.

मी डोळेच मिटले.

‘‘सोडू नकोस,’’ दाजी शांतपणे म्हणाले. ‘‘मी धरलंय. तू सावकाश ऊठ.’’

डोळे उघडले. गुडघा किंचित वाकवून दाजी उभे होते. मांडी थरथरत होती, पण पाऊल जागचं हललं नव्हतं. मी उठलो, भार घेतला. ‘‘तीन,’’ ते म्हणाले, आणि आम्ही आत गेलो.

काच बसली. मालक जवळ आला, दाजींच्या पायाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘परवा शाळेच्या काचा आहेत. आठला निघायचं. पुढे तुम्हीच.’’

‘‘बरं,’’ दाजी म्हणाले. जसं काही झालंच नाही!

दोन्ही गुडघे धड असलेला मी मात्र तिथेच पायरीवर बसलो आणि भर रस्त्यात ढसाढसा रडलो.