शालिनीताईंची भाकर

हे मी आजवर एकाही माणसापुढे उच्चारलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलीपुढे नाही. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून मी पापाची कबुली म्हणते, तेव्हाही ते शब्द घाईनं म्हणून पुढे सरकते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मनात काही धरून वाचाल, तरी मला ते दिसणार नाही, म्हणून असेल.

बघा — हा माझा स्वभाव. तुमच्यावरही संशय घेऊन झाला.

लिफ्टमध्ये शेजारीण हसली तर ती का हसली, हा विचार मला संध्याकाळची भाजी शिजेपर्यंत पुरतो. माझी मुलगी म्हणते, "ममा, यू आर ऑल्वेज वॉचिंग पीपल." ती काही खोटं बोलत नाही. आम्ही इथं आखातात, अल बर्शाला राहतो, चर्च शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. एकाच कुंपणाच्या आत बऱ्याच मंडळ्या भरतात. आमच्या आधी तमिळ उपासना, आमच्यानंतर उर्दू. इथली शुक्रवारची सुट्टी बदलून रविवारची झाली तेव्हापासून आम्हा मराठी लोकांना रविवारी दुपारनंतरची वेळ मिळाली. तमिळ लोक बाहेर पडतात आणि आम्ही आत शिरतो, पाठोपाठ कुठून कुठून बांधकामाच्या साइटवरची पोरं दमलेली येतात, मागच्या बाकांवर बसतात. शेवटी चहा, सामोसे, आणि सगळ्यांचं बोलणं एकदम. त्या गर्दीत कोण कुणाशी बोलतंय, कुणाच्या गाडीतून कोण उतरलं — मला सगळं ठाऊक असायचं.

वेदीची व्यवस्था माझ्याकडे आहे. पांढरं कापड इस्त्री करून अंथरायचं, पेला पुसायचा, फुलं लावायची, प्रभुभोजनाची भाकर झाकून ठेवायची. हे काम मला कसं मिळालं ते आधी सांगायला हवं. मी ते टाळत होते, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आधी ते शालिनीताई करायच्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, नाशिकच्या, आवाज असा की त्यांनी गीत सुरू केलं की मागचे लोक मोबाइल खिशात टाकायचे. कापणीच्या सणाला रास अल खोरच्या मंडईतून पेट्या भरभरून भाजी आणायच्या, कडेनं ऊस बांधायच्या, चर्चचं शेत करून टाकायच्या. लोकांना त्या आवडायच्या. मलाही आवडायच्या — असं मी म्हणायचे. खरं तर मी त्यांच्या हाताखाली फुलदाण्या धुवायचे, आणि वेदीजवळ त्या उभ्या असताना मी पायरीच्या खाली उभी असायचे. ते मला सलायचं.

एकदा उपासनेत पेला ठेवताना त्यांचा हात थरथरला आणि पांढऱ्या कापडावर द्राक्षारस सांडला. उपासनेनंतर मी आणि आमच्या महिला मंडळातली एक बाई ते कापड घडी करत होतो. मी म्हटलं, "भर दुपारी हात असे थरथरायला लागले, म्हणजे..." आणि थांबले. त्यांचे मिस्टर हॉटेलच्या लायनीत होते. घरी बाटल्या येत असतील, असं मला आपलं वाटायचं. वाक्य मी पुरं केलं नाही. ते तिनं पुरं केलं, चहाच्या टेबलापाशी, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या घरी.

तेव्हाचे पाळक म्हातारे होते, भिडस्त होते. त्यांनी शालिनीताईंना थोडी विश्रांती घ्यायला सांगितलं.  शालिनीताईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाल्या, "सफेद कापडाला नीळ जास्त घालू नकोस." त्यानंतर त्या आल्या नाहीत. त्यांच्या मिस्टरांनी कुणाला तरी फोनवर सुनावलं की चर्चच्या माणसांनी आमच्या दारात यायचं नाही. लोक म्हणाले, बघा, खरंच असणार. मीही मान हलवली. पुढे पाळक निवृत्त होऊन गेले, नवे आले, आणि शालिनीताईंचं नाव घेणं बंद झालं.

इथंच थांबले असते तर मी स्वतःला एक चहाडखोर बाई म्हणून माफ केलं असतं कदाचित. पण हे नुसतं अंगण आहे. घर पुढे आहे.

काही वर्षांनी रत्नमाला यायला लागली. जालन्याकडची, कुणाच्या तरी घरी काम करणारी. साधा पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, दाराजवळचं बाक. उपासना संपली की चहाला थांबायची नाही. कुठं काम करतेस विचारलं तर "इथंच, एका घरी," म्हणायची. घराचं नाव नाही, एरियाचं नाव नाही. मला हे पटलं नाही. या देशात आपल्याला उपासनेची परवानगी आहे, ती आपण जपून वापरतो. मग नाव-गाव न सांगणारी बाई आपल्यात येऊन बसते कशाला? कुणी पाठवलीय का? मी हे स्वतःला विचारायचे आणि मला बरं वाटायचं. राखण करणाऱ्या माणसाला वाटतं तसं.

मग मी ते पाहिलं. प्रभुभोजनाच्या वेळी ती वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली, तळहातावर भाकर घेतली, तोंडाजवळ नेली — आणि खाल्ली नाही. ओढणीच्या टोकात गुंडाळून मुठीत धरली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मंडळात मी हे बोलले. एक म्हणाली, जादूटोणा करतात काही लोक. दुसरी म्हणाली, बाप्तिस्माच झालेला नसेल, मग प्रभुभोजन घेताच येत नाही. प्रत्येकीनं आपापल्या भीतीप्रमाणे काही सुचवलं. मी पाळकसाहेबांकडे गेले. ते तरुण आहेत, शांत. ते म्हणाले, "सुनंदाबाई, आधी तुम्ही तिच्याशी बोला. प्रेमानं विचारा. काही कारण असेल."

मी तिला बाहेर, हात धुवायच्या नळापाशी गाठलं. प्रेमानं विचारलं, म्हणजे आवाज मऊ ठेवून. ती घाबरली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, माझ्यासाठी नाही नेत. आमच्या बाईंसाठी नेते. त्या पूर्वी इथं यायच्या. शालिनीबाई."

मला आठवतं, नळ चालू होता आणि तो बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

तिनं सगळं सांगितलं. बाईंना पार्किन्सन आहे, कधीपासूनचा. आधी फक्त हात थरथरायचे, आता चमचाही धरवत नाही. बोललेलं तिच्याशिवाय कुणाला समजत नाही, म्हणून फोन नाही. साहेब चर्चचं नाव काढू देत नाहीत, पण बाई रविवारी तिला हातानं खुणावून पाठवतात. म्हणून ती स्वतःच्या वाटणीची भाकर न खाता नेते आणि पाण्यात भिजवून त्यांना भरवते. "चुकत असेल तर माफ करा, ताई. पण पाळकसाहेब स्वतः आले तर? सकाळी साहेब ड्यूटीवर असतात. दार मी उघडीन. तुम्ही सांगाल का त्यांना?"

मी म्हटलं, "सांगते. तू काही बोलू नकोस. ते गडबडीत असतात."

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतंत? नको, हा प्रश्न मी मागे घेते. त्यात पळवाट शोधण्याचा वास येतो.

मी काय केलं ते सांगते. घरी जाईपर्यंत गाडीत माझ्या डोक्यात शालिनीताईंच्या दुखण्याचा विचार एकदाही आला नाही. विचार आला तो असा — पाळकसाहेब तिथं गेले तर सगळ्यांना कळणार की ते थरथरणं आजाराचं होतं. मग कुणीतरी विचारणार, दारूचं पहिल्यांदा कोण बोललं होतं? आणि कापडाची घडी करणाऱ्या त्या बाईला ते चांगलं आठवत असणार. शालिनीताईंनाही ठाऊक असेल का? पाळकांपुढे त्या काही बोलू पाहतील आणि रत्नमाला ते समजावून सांगेल? आजारी बाईच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांचीही मला धास्ती वाटली. आणि वेदीचं काम — ते सुद्धा जाईल, हेही मनात आलं. खरं सांगायचं तर ते आधी आलं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "बोललात?"

"बोलले," मी म्हटलं. "बाप्तिस्मा झालेला नाही म्हणते. भाकर कशाला नेते ते काही सांगत नाही."

त्यांनी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच.

पुढच्या रविवारी रत्नमाला कठड्याशी आली, तळहात पुढे केले. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले. तिचे तळहात तसेच उघडे राहिले. शेजारचा माणूस उठला, नवा आला, तरी ती बसून होती. मी पहिल्या बाकावरून बघत होते.

बाहेर आल्यावर तिनं मला गाठलं. "ताई, आज मला भाकरच नाही दिली. माझा बाप्तिस्मा लहानपणीच झालाय." तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण इतकं सहज निघालं की जणू बरेच दिवस तयार होतं. मी म्हटलं, "अशी भाकर बाहेर नेणं नियमात बसत नाही. म्हणून आज दिली नाही. पण ते स्वतः येणार आहेत बाईंकडे."

ती केवढी खूश झाली. तिनं माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावा लागला.

नंतर एकदा ती आली. पुन्हा डोक्यावर हात, पुन्हा रिकामे तळहात. दाराशी येऊन तिनं हळूच विचारलं, "कधी येतील, ताई?"

"येतील. इन्शाल्ला."

या देशात राहणाऱ्याला ठाऊक असतं की या शब्दाचे दोन अर्थ होतात — देवाची इच्छा असेल तर नक्की, किंवा कधीच नाही. तिनं चांगला अर्थ घेतला. त्यानंतर ती चर्चमध्ये दिसली नाही. मंडळातल्या बायका म्हणाल्या, बघ, पकडली गेली म्हणून पळाली. 

शालिनीताई गेल्याचं मंडळाच्या ग्रुपवर आलं. नाशिकला, मुलाकडे. मेसेजखाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली, त्यात माझीही होती. आजाराबद्दल तेव्हाच सगळ्यांना कळलं. मी ज्याला इतकी भ्यायले होते ते घडलं — आणि काहीच झालं नाही. दारूचं पहिल्यांदा कोण बोललं, हे कुणीही विचारलं नाही. प्रत्येकजण थोडं थोडं बोललेलाच होता. सगळे एकमेकांकडे न बघता हळहळले.

त्या रविवारी स्मरणाची प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय, दोन शब्द बोला. मी बोलले. कापणीचा सण, ऊस, त्यांचा आवाज. चांगलं बोलले. लोकांनी डोळे पुसले. नंतर आतल्या खोलीत झगा घडी करताना पाळकसाहेब म्हणाले, "इतकी वर्षं इथंच आजारी होत्या. मला कुणी सांगितलं असतं तर मी दर आठवड्याला गेलो असतो."

मी म्हटलं, "कुणालाच माहीत नव्हतं."

कधी वाटतं, त्या मऊ माणसाला माझा संशय आला असेल. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं होतं. मग वाटतं, नाही, तो माझाच स्वभाव. इतक्या लोकांवर संशय घेऊन घेऊन आता माझ्यावर कुणी घेत नाही, हेच मला सहन होत नाही की काय?

मागच्या महिन्यात रत्नमाला भेटली. आमच्याच घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये, नव्या मालकांच्या छोट्या मुलीचं बोट धरून. मी दुसऱ्या रांगेत शिरणार होते, पण तिनं आधी पाहिलं. "सलाम, ताई." तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. शालिनीताईंना नाशिकला नेईपर्यंत ती त्यांच्याजवळच होती. ते सांगता सांगता ती थांबली.

"ताई, तुम्ही पाळकसाहेबांना सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग ते आले का नाहीत?"

तिथं दुधाच्या फ्रिजसमोर मी तिला खरं सांगू शकले असते. गर्दी नव्हती. घाई नव्हती. माझं आता कुणी काही हिसकावणारही नव्हतं.

"त्यांना वेळ झाला नसेल," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. मोठ्या लोकांचं असंच असतं हे तिला नवीन नव्हतं. म्हणाली, "बाई रोज सकाळी मला केस विंचरायला लावायच्या. चांगली साडी नेसवून घ्यायच्या. साहेब गेले की दाराकडे तोंड करून बसायच्या. मी म्हणायचे, आज नाही आले, उद्या येतील." मग म्हणाली, "मी आता कुठल्याच चर्चला जात नाही, ताई. घरीच म्हणते काय म्हणायचं ते." छोटी मुलगी तिला ओढत होती, "कम ना, कम." ती गेली.

पाळकसाहेबांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. रत्नमाला आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहते. एक आजारी बाई दाराकडे बघत बसलेली असताना जे आले नाहीत, असे पाळक तिच्या मनात आहेत, आणि ते मी तिथं बसवले आहेत. त्यांना याची कल्पना नाही. मी दोघांपैकी कुणालाही काही सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी कठड्याशी गुडघे टेकून बसले. त्यांनी माझ्या तळहातावर भाकर ठेवली. मी ती खाल्ली.